रस्त्याला क्रमांक मिळेपर्यंत

विधानसभेवर निवडून आलेल्या सदस्याकडून विधानमंडळ सचिवालय संक्षिप्त परिचयासाठी माहिती मागवते. जन्मतारीख, शिक्षण, मतदारसंघ आणि यापूर्वी भूषविलेली पदे असे त्यात साधारण रकाने असतात. २०१४ साली निवडून आल्यावर मी पदांच्या रकान्यात ‘सरपंच, सभापती, पंचायत समिती, सदस्य व विषय समिती सभापती, जिल्हा परिषद’ असे लिहून कागद परत केला. वाचणाऱ्याला ती बढत्यांची यादी वाटते. प्रत्यक्षात तेच काम दर वेळी वेगळ्या टेबलावरून करावे लागते, आणि वरच्या टेबलावर बसलेला माणूस खालच्याचा अधिकार सहज ओढून घेऊ शकतो, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिले. गावाचे, तालुक्याचे व पक्षाचे नाव मुद्दाम टाळले आहे. थोड्याफार फरकाने कोणत्याही तालुक्यातील माणसाला हेच सांगता येईल.

आमचे घर शेतकऱ्याचे. पदवी घेऊन गावी परतलो तेव्हा माझे भांडवल एवढेच होते की मला अर्ज लिहिता येत असे. वारस नोंद, विहिरीचे अनुदान, निराधार योजना अशा कामांसाठी लोक सकाळी ओसरीवर येऊन बसत. १९९७ साली ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा पॅनेल बांधणाऱ्या जाणत्या मंडळींनी माझे नाव घेतले ते या अर्जांमुळे. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही; आम्हाला कपबशी मिळाली. छाननीच्या दिवशी तहसील कचेरीत १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम १४ शी माझी पहिली गाठ पडली. थकबाकीदाराला उभे राहता येत नाही, हे सर्वांनाच ठाऊक होते. परंतु समोरच्या पॅनेलने आमच्या एका उमेदवाराच्या वडिलांकडील घरपट्टीची बाकी काढून हरकत घेतली, आणि तो वडिलांपासून विभक्त राहतो हे दाखवण्यासाठी शिधापत्रिका व नमुना नंबर आठचा, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदीचा, उतारा शोधताना आमची दुपार गेली. निवडणूक अशी आधी कागदावर लढावी लागते, हे त्या दिवशी डोक्यात पक्के बसले.

त्या काळी सरपंच सदस्यांमधून निवडला जात असे. थेट जनतेतून निवड २०१७ साली आली, २०२० साली गेली आणि २०२२ साली पुन्हा आली. सदस्यांमधून निवडलेल्या सरपंचाला अविश्वास ठरावाची टांगती तलवार घेऊनच काम करावे लागते, त्यामुळे तो प्रत्येक सदस्याच्या गल्लीत एकेक काम टाकून वेळ निभावून नेतो; मीही ते केले आणि त्यात फार गैर आहे असे मला आजही वाटत नाही. खरी अडचण पैशांची होती. पाणीपुरवठ्याच्या विहिरीवरील पंपाचे वीजबिल थकल्याने जोड तुटलेला होता. पाणीपट्टी भरा म्हटले की लोक म्हणत, आधी पाणी द्या. आणि पाणी द्यायचे तर आधी बिल भरायला हवे. शेवटी नमुना नंबर नऊची मागणी नोंदवही काखेत मारून ग्रामसेवक आणि मी घरोघर फिरलो. मोठी बाकी नेहमीच मोठ्या घरांकडे असते, ही गोष्ट त्या नोंदवहीइतकी स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसली नाही.

२०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील हे स्वतः सांगली जिल्हा परिषदेतून वर आलेले. १९७९ साली ते सावळज गटातून निवडून गेले आणि १९९० साली तासगावातून विधानसभेवर. गावाला कामाला लावायचे तर अनुदानापेक्षा चढाओढ जास्त उपयोगी पडते, हे त्यांनी ओळखले होते. आमच्या गावात तपासणी समिती येणार म्हटल्यावर वर्षानुवर्षे रस्त्यावर बसलेले उकिरडे रातोरात हलले. पुढे उत्साह ओसरला, हेही खरे. पण शेजारच्या गावापेक्षा आपण मागे राहू नये ही भावना कामाला येते, ही नोंद मी मनात करून ठेवली.

याच काळात ज्या कामाने माझी पुढची वीस-एक वर्षे पाठ सोडली नाही ते समोर आले. गावापासून दीड-दोन किलोमीटरवर ओढ्यापलीकडे एक वस्ती आहे. पावसाळ्यात ओढा भरला की तेथील मुलांची शाळा बुडे आणि दूध घालणाऱ्यांची सकाळ वाया जाई. रस्ता व मोरी, म्हणजे ओढ्यावर छोटा पूल, व्हावी असा ठराव आम्ही ग्रामसभेत एकमताने केला आणि मी तो घेऊन पंचायत समितीत गेलो. बांधकाम उपविभागातील शाखा अभियंत्याने ठराव वाचलासुद्धा नाही. “सरपंच, रस्त्याला नंबर आहे का?” एवढेच त्याने विचारले.

ही क्रमांकाची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण ग्रामीण राजकारणातील निम्मी शक्ती तिच्यात खर्ची पडते. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, अशी साधारण विभागणी आहे. प्रत्येक रस्ता रस्ते विकास योजनेत नोंदलेला असतो. माझ्या सरपंचपदाच्या काळात १९८१-२००१ ची योजना चालू होती, नंतर २००१-२०२१ ची आली. योजनेत नोंद असेल तर रस्त्याला क्रमांक मिळतो, आणि क्रमांक असेल तर ३०५४ या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी हिशेबातील रस्त्यांच्या खात्यातून, दुरुस्तीला पैसे मागता येतात. नोंद नसेल तर तो रस्ता शासनाच्या दृष्टीने नसतोच, मग त्यावरून तीन पिढ्या का चालत असेनात. आमच्या वस्तीच्या रस्त्याची अशी नोंद नव्हती. गावनकाशावर तुटक रेषेत गाडीवाट दाखवलेली होती, तेवढाच काय तो पुरावा.

२००२ साली मी पंचायत समितीला उभा राहिलो. ही निवडणूक पक्षचिन्हावर होते आणि गावातील पॅनेलची गणिते तिथे निम्मीच चालतात. जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाला गट आणि पंचायत समितीच्या मतदारसंघाला गण म्हणतात; एका गटात दोन गण असतात. गणातून आलेल्या सदस्याकडे मान असतो, दालनात खुर्ची असते, पैसा मात्र जवळपास नसतो. मी पुढे अडीच वर्षे सभापती होतो, तेव्हाही सही करण्यापेक्षा फोन करण्याचेच काम अधिक होते. ग्रामसेवक दोन गावांना मिळून एक, पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर नाही, शाळेच्या पटावर मुले आहेत आणि वर्गाला छप्पर नाही, अशा तक्रारी ऐकायच्या व गटविकास अधिकाऱ्यांच्या मागे लागायचे. तरीही तालुका कळतो तो याच पदावर. कोणत्या गावात कोणाचे कोणाशी पटत नाही, कोणता ठेकेदार काम अर्धवट टाकतो, कोणता विस्तार अधिकारी खरा अहवाल लिहितो, हे पंचायत समितीच्या व्हरांड्यात उभे राहिल्याशिवाय समजत नाही.

पंचायत समितीची वर्षातून एकदा आमसभा भरते आणि तिचे अध्यक्षपद स्थानिक आमदाराकडे असते. सभापती म्हणून मी व्यासपीठावर आमदारांच्या शेजारी बसे. समोर सरपंच, सदस्य, शेतकरी. माईक हातोहात फिरे, प्रश्न रोहित्राचा असो वा रेशनचा, लोकांचा रोख अधिकाऱ्यांवर असे आणि नजर आमदारांवर. सभापतीकडे कोणी पाहतही नसे. कागदोपत्री ती संस्था आमची होती, पण लोकांच्या लेखी तालुक्याचा धनी एकच, हे त्या सभेत चटकन लक्षात येई. आमदार व्हावे हा विचार माझ्या मनात पहिल्यांदा आला तो अशाच एका आमसभेत, आणि त्यामागे सेवाभावापेक्षा चीड जास्त होती.

२००७ साली जिल्हा परिषदेवर गेलो आणि अर्थ व बांधकाम समितीचे सभापतिपद मिळाले. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा १९६१ च्या अधिनियमाने १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक ही साखळी मी येथे शिकलो. यातील एक कडी निसटली की काम अडते, आणि कोणती कडी कोणाच्या कपाटात आहे हे ज्याला ठाऊक त्याचेच काम होते. वस्तीच्या रस्त्याला ग्रामीण मार्गाचा दर्जा देण्याचा ठराव मी सर्वसाधारण सभेत मंजूर करून घेतला. प्रस्ताव वर गेला, त्रुटीसाठी परत आला, त्रुटी पूर्ण करून पुन्हा गेला. पहिली त्रुटी अशी होती की रस्त्याची लांबी ठरावात एक आणि नकाशावर दुसरीच होती. दुसरी त्रुटी काय होती ते मला कोणीही धड सांगू शकले नाही.

जिल्हा परिषद सदस्याला आणखी एक मताधिकार असतो. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सदस्यांच्या मतांवर निवडल्या जातात. पसंतीक्रमाचा आकडा निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनानेच लिहावा लागतो. त्या दिवसांत एरवी सेस फंडातून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून, दोन हातपंप मिळवताना दमणाऱ्या सदस्याची विचारपूस कशी वाढते आणि त्याला अचानक सहलीची आवड कशी निर्माण होते, हे मी पाहिले आहे. त्याबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही, जाणकारांना ते ठाऊक आहे.

याच काळात विधिमंडळाची पंचायती राज समिती आमच्या जिल्ह्याच्या दौऱ्यावर आली. ही समिती दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची असते. ती स्थानिक निधी लेखा परीक्षणातील आक्षेप घेऊन जिल्हा परिषदेत बसते, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांपासून ग्रामसेवकांपर्यंत सर्वांची झाडाझडती घेते आणि गट पाडून शाळा, दवाखाने, अंगणवाड्यांवर अचानक जाते. दौरा जाहीर झाला आणि जिल्हा परिषदेतील एरवीची सगळी कामे थांबली. जुन्या नस्त्या म्हणजे फायली गोण्यांतून बाहेर निघाल्या, शाळांना रंग लागला, पोषण आहाराच्या खिचडीत एकाएकी वाटाणे दिसू लागले. आम्ही पदाधिकारी समितीच्या स्वागताला गुच्छ घेऊन उभे राहिलो आणि नंतर दालनाबाहेर थांबलो, कारण आतील प्रश्नोत्तरांत आम्हाला स्थान नव्हते.

२०११ साली स्थानिक संस्थांमध्ये महिलांसाठी ५० टक्के आरक्षण झाले. पुढच्या निवडणुकीची सोडत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सभागृहात निघाली. काचेच्या बरणीत गुंडाळलेल्या चिठ्ठ्या, समोर आम्ही सगळे विद्यमान व इच्छुक, आणि चिठ्ठी काढायला शाळेच्या गणवेशातील एक लहान मुलगी. तिने आमच्या गटाची चिठ्ठी अधिकाऱ्यांच्या हाती दिली, त्यांनी ती उलगडून सर्वांना दाखवली आणि मागच्या रांगेत कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. गट महिलांसाठी राखीव झाला होता. घरातील कोणाला तरी उभे करा, असा सल्ला त्याच संध्याकाळपासून सुरू झाला. माझ्या पत्नीने त्याला दोन वाक्यांत उत्तर दिले आणि तो विषय संपला. गटातील एक माजी अंगणवाडी सेविका निवडून आल्या व त्यांनी काम चांगले केले; आरोग्य उपकेंद्राच्या बाबतीत तर माझ्यापेक्षा चांगले.

त्यानंतर जवळपास तीन वर्षे मी कोणत्याही पदावर नव्हतो. विधानसभेची उमेदवारी मागणाऱ्यांच्या रांगेत मी होतो, पण पुढे नव्हतो. २५ सप्टेंबर २०१४ रोजी शिवसेना-भाजप युती आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी एकाच दिवशी तुटल्या. अर्ज भरण्याची मुदत २७ तारखेची होती. प्रत्येक मोठ्या पक्षाला एकाएकी जागोजागी उमेदवार हवे झाले आणि ज्या मतदारसंघात पक्षाने कधी चिन्हच लावले नव्हते तिथे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म पोहोचवण्यासाठी रात्रीच्या गाड्या सुटल्या. माझ्या वीस वर्षांच्या कामामुळे मला उमेदवारी मिळाली, असे म्हणायला मला आवडले असते. खरे कारण त्या दोन दिवसांतील घाई हे होते, आणि काम उपयोगी पडले ते त्यापुढे. नमुना २६ मधील शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, गुन्हे यांची माहिती द्यावी लागते; बिनशेतीचा आदेश आणि सोसायटीच्या कर्जाचा दाखला मिळवण्यात शेवटचा दिवस गेला. खर्चाची मर्यादा २८ लाख होती. गावोगाव मला प्रचारफेरीसाठी वाट विचारावी लागली नाही, एवढा फायदा मात्र पंचायत समितीच्या पाच वर्षांनी करून दिला. १५ ऑक्टोबरला मतदान झाले, १९ ला मोजणी, आणि चौरंगी लढतीत मी निसटत्या फरकाने आलो.

सभागृहात २८८ सदस्य असतात आणि नव्या सदस्याला बोलायला मिळते ते बहुधा रात्री, बाके रिकामी झाल्यावर. डिसेंबरमध्ये नागपूरचे अधिवेशन आले. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, कपात सूचना ही आयुधे कशी वापरायची हे पुस्तकात दिलेले असते, पण ती चालतात कशी हे जुन्या सदस्यांच्या मागे बसूनच समजते. जिल्ह्यात प्रलंबित असलेल्या ग्रामीण मार्गांच्या दर्जोन्नतीबाबत मी तारांकित प्रश्न दिला. ‘हे खरे आहे काय’ असे विचारणारे चार भाग होते. छापील उत्तर आले: पहिल्या भागाला ‘हे अंशतः खरे आहे’, दुसऱ्याला प्रस्तावाची छाननी सुरू असल्याचा मजकूर, शेवटच्याला ‘प्रश्न उद्भवत नाही’. उपप्रश्न विचारण्याची माझी पाळी यायच्या आत प्रश्नोत्तराचा तास संपला.

मग मी ते केले जे बहुतेक आमदार करतात. ग्रामविकास विभागाचे २५१५ हे लेखाशीर्ष गावोगावच्या कार्यकर्त्यांना पाठ असते. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली कामे त्यातून होतात. शिवाय त्या वेळी आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला दोन कोटी होता. मी लेटरहेडवर पत्र दिले, पाठपुरावा केला, आणि दशकभर ठरावांनी जे साधले नव्हते ते २५१५ मधून एका वर्षात झाले. वस्तीला खडीकरणाचा रस्ता व ओढ्यावर मोरी मिळाली, नारळ फुटला, फलकावर माझे नाव आले. फलकावर जिल्हा परिषद सदस्या ताईंचेही नाव हवे होते. ते छापताना राहून गेले असे मला सांगण्यात आले आणि मी ते ऐकून घेतले.

पुढे एका पावसाळ्यात मोरीच्या बाजूचा भराव वाहून गेला. दुरुस्तीसाठी अर्ज गेल्यावर उपविभागाचे उत्तर आले की सदर रस्ता जिल्हा परिषदेच्या रस्ते यादीत समाविष्ट नसल्याने देखभाल दुरुस्ती करता येत नाही. ते उत्तर नियमाला धरून होते. क्रमांकाशिवाय रस्ता बांधण्याची सोय आमदाराच्या पत्राने होते, तो टिकवण्याची होत नाही.

त्याच सुमारास मी पंचायती राज समितीवर होतो. आता गुच्छ घेणाऱ्यांच्या बाजूला मी बसलो होतो आणि समोर एका जिल्ह्याचे अधिकारी. आक्षेप सात-आठ वर्षे जुने. तेव्हाचे अधिकारी बदलून गेलेले किंवा निवृत्त झालेले. एका कामाची मोजमाप पुस्तिका सापडत नाही म्हणून एका तरुण शाखा अभियंत्याला उभे केले होते. तो त्या वेळी नोकरीतही नसणार, हे त्याच्या वयावरून दिसत होते. पुस्तिका बहुधा उपविभागाच्या कोणत्या कपाटात असते हे मला माहीत असल्याने मी तेवढेच सुचवले आणि ती दुपारनंतर सापडली. समितीच्या अहवालावर सचिवांच्या साक्षी होतात, शिफारशी होतात, त्यातून काही वसुल्या आणि विभागीय चौकशाही होतात. तिचा धाक खोटा नाही. पण दालनाबाहेर उभ्या असलेल्या त्या जिल्ह्याच्या पदाधिकाऱ्यांना आत बोलवावे, ही माझी सूचना मान्य झाली नाही.

या सगळ्यावर मी तेव्हा प्रथमच नीट वाचन केले. १९६० साली तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालावर आपली जिल्हा परिषद उभी राहिली. नाईक स्वतः १९४६ साली पुसदचे नगराध्यक्ष होते. त्या समितीने आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेच्या सदस्यत्वापासून दूर ठेवले, कारण ते आत आले तर स्थानिक नेतृत्व वाढणार नाही, हे तिला दिसत होते. बाभळगावचे सरपंच असलेले विलासराव देशमुख १९८० साली लातूरमधून विधानसभेत पोहोचले. तेही त्याच मोकळ्या जागेतून वर आले. आम्ही आमदार नंतर दुसऱ्या दाराने आत शिरलो. जिल्हा नियोजन समितीत राज्यघटनेनुसार किमान चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांमधून निवडलेले असतात आणि आम्ही निमंत्रित असतो. मी पाहिलेल्या बैठकांत मात्र निमंत्रित पुढच्या रांगेत आणि निवडलेले मागे असत. १४ व्या वित्त आयोगाचा निधी २०१५ पासून थेट ग्रामपंचायतींना गेल्यावर तर पंचायत समिती सदस्याच्या हाती सत्काराची शालच उरली. १५ व्या आयोगाच्या वेळी जिल्हा परिषद व पंचायत समितीला प्रत्येकी दहा टक्के परत मिळाले.

वस्तीच्या रस्त्याला ग्रामीण मार्गाचा क्रमांक माझ्या मुदतीच्या शेवटच्या वर्षी मिळाला. २००८ च्या सुमाराच्या ठरावावरच तो मिळाला, नवीन काही करावे लागले नाही. त्रुटी पूर्ण झाली आहे हे कोणीतरी नस्तीवर लिहायचे तेवढे राहिले होते. २०१९ ची निवडणूक मी हरलो. मार्च २०२२ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणुका लांबत गेल्या. त्या काळात भराव पुन्हा खचला तेव्हा वस्तीवरचे लोक माझ्याकडे आले. मी त्यांना रस्त्याचा क्रमांक लिहून दिला आणि ३०५४ मधून दुरुस्तीचा अर्ज करायला सांगितले. अर्ज घेऊन जायला गटात सदस्यच नव्हता, म्हणून तो विद्यमान आमदारांकडे गेला, त्यांनी पत्र दिले आणि काम झाले.